हलीनाची फरियाद आणि सराफ्यातलं ‘केडीएम’

‘हलीना की रब से फरियाद.’ ‘बेटा मांगे कार स्कूटर, बाप राजी.’

ज्यांनी अकरावी सायन्स केलंय त्यांना हे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की आवर्तसारणीतले, म्हणजे आपल्या पिरिऑडिक टेबलमधले, पहिले दोन उभे रकाने पाठ करायची ही चावी आहे. हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम करत करत फरियादमधल्या ‘फ्र’ला फ्रान्सियम. दुसऱ्या रकान्यात बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि शेवटी ‘राजी’मधलं रेडियम. क्लासचे सर पहिल्याच आठवड्यात हे घोकून घेतात, पोरं हसतात, सीईटीला एखादा प्रश्न सुटतो आणि विषय संपतो.

खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. ही नावं एकाखाली एकच का लिहिली? बेरियमच्या खाली रेडियम आहे म्हणजे नेमकं काय आहे? हे ठाऊक नसल्यामुळे किंवा ठाऊक असूनही कुणी न सांगितल्यामुळे माणसं आजारी पडली आहेत, काही मेलीसुद्धा आहेत. सोनारकाम करणारे कारागीर, घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली, नदीकाठचा भात खाणारी शेतकरी कुटुंबं. त्यामुळे हा मामला दोन मार्कांचा नाही. आणि तो समजून घ्यायला लॅबमध्ये जायचीही गरज नाही. गुलमंडीवर या.

गाडी लांबच कुठेतरी लावा. संध्याकाळी सहानंतर गुलमंडीत पार्किंग शोधणं हा वेगळा संशोधनाचा विषय आहे. पैठणगेटकडून टिळकपथाने चालत या, सुपारी मारुतीला हात जोडा आणि आजूबाजूला बघा. शेजारी रंगारगल्ली. नावातच रंगारी आहेत. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी पिढ्यान् पिढ्या तुरटी वापरत आले. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. हे ॲल्युमिनियम लक्षात ठेवा, त्याच्या खालच्या घराची एक गंमत पुढे येणार आहे. आता मछली खडकावरून सिटी चौक ओलांडा आणि सराफ्यात शिरा.

सराफ्यातल्या कुठल्याही दुकानात उभे राहिलात की तुम्ही आवर्तसारणीच्या अकराव्या रकान्यात उभे असता. वरून खाली तांबं, चांदी, सोनं. तिघांची नाणी पडली, तिघांचे दागिने झाले, तिघांच्याही तारा ओढता येतात. पैठणीची जर हे त्यातल्या दोघांचंच काम, चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी. तीन धातू एका गणात आहेत हे युरोपातल्या प्रोफेसरांनी लिहून ठेवायच्या कितीतरी आधी सोनाराच्या हाताला ते कळलेलं होतं. २२ कॅरेट सोनं म्हणजे काय? शंभरात ९१.६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. हॉलमार्कवरचा ९१६ तो हाच. शुद्ध सोनं इतकं मऊ की रोज वापरायची बांगडी वाकून जाईल, म्हणून मिसळ करायची. पण कशाची? घरातल्याच माणसांची. सोन्याचा आणि चांदीचा अणू आकाराने जवळजवळ सारखा, त्यामुळे दोघं हव्या त्या प्रमाणात एकमेकांत विरघळतात. तांबं जास्त घातलं तर लालसर झाक येते, चांदी जास्त घातली तर फिकी.

भावंडं म्हणजे जुळी नव्हेत, हेही सोनाराला माहीत होतं. कसोटीच्या दगडावर दागिना घासून वर नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकतात ना, तेव्हा तांबं आणि चांदी त्यात विरघळून जातात, सोन्याची रेघ तशीच राहते. ताक तांब्याच्या भांड्यात कळकतं, चांदीच्या वाटीत नाही. एका रकान्यात वरून खाली येताना स्वभाव तोच राहतो, पण थोडा थोडा बदलत जातो. आवर्तसारणीतली कळीची गोष्ट हीच आहे. बाकीचं टेबल याच एका गोष्टीच्या जोरावर उभं राहिलं.

मोकळ्या घरांचा माणूस

ते उभं राहिलं एका पाठ्यपुस्तकामुळे. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दिमित्री मेंडेलीव्ह विद्यार्थ्यांना केमिस्ट्री शिकवत होता. सायबेरियातल्या तोबोल्स्कचा, १८३४ चा जन्म, भरपूर भावंडांतलं शेंडेफळ. बाजारात धड पुस्तक नाही म्हणून त्याने स्वतःच लिहायला घेतलं. पहिला भाग झाला, आणि पुढे काय घ्यायचं यावर गाडी अडली. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. ती कुठल्या क्रमाने शिकवायची?

प्रश्न नवा नव्हता. जर्मनीत डोबेरायनरने १८२९ मध्येच तीन-तीन भावंडांची त्रिकं दाखवली होती: लिथियम-सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम-स्ट्रॉन्शियम-बेरियम, क्लोरीन-ब्रोमीन-आयोडीन. मधल्याचं वजन साधारण दोन्ही टोकांच्या सरासरीइतकं. लंडनच्या न्यूलँड्सला १८६५ मध्ये त्यात सूर सापडले. वजनाच्या चढत्या क्रमाने ओळ लावली तर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं, सा रे ग म करत पुन्हा वरचा सा यावा तसं. तिथल्या केमिकल सोसायटीत त्याने हे मांडलं तेव्हा एका विद्वानाने विचारलं, इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलंत का? प्रेझेंटेशन देताना तुमच्यावर कुणी हसलं असेल तर न्यूलँड्स आठवा. वीसेक वर्षांनी, १८८७ मध्ये, रॉयल सोसायटीने त्याला डेव्ही पदक दिलं.

न्यूलँड्सची चूक काय झाली? त्याने प्रत्येक घर भरलं. जागा रिकामी ठेवायची हिंमत त्याला झाली नाही. मेंडेलीव्हला ती झाली. १७ फेब्रुवारी १८६९ या तारखेचं (तिथल्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे) एक पत्र अजून जपून ठेवलेलं आहे. चीज बनवणाऱ्या संस्थांना भेट द्यायला या, असं त्याचं आमंत्रण. त्या कागदाच्या मागच्या बाजूला मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची वजनं लिहून जोड्या लावून पाहिल्या आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर आपण करतो, तेच.

सराफ्यात वजन म्हणजे सर्व काही, काटा दाखवेल तोच भाव. मेंडेलीव्हनेही ओळ वजनानेच लावली, पण वजन आणि स्वभाव यांचं भांडण झालं तिथं त्याने स्वभावाचं ऐकलं. टेल्युरियम १२७.६, आयोडीन १२६.९. वजनाने आयोडीन आधी यायला हवं. पण आयोडीन क्लोरीनच्या घरातलं आहे हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून त्याने टेल्युरियम आधी ठेवलं आणि वजन मोजायला चुकलं असणार असं म्हणून मोकळा झाला. वजन चुकलेलं नव्हतं. खरं कारण १९१३ मध्ये इंग्लंडच्या हेन्री मोझलीने क्ष-किरणांवरून शोधलं. क्रम वजनाचा नसून अणुगर्भातल्या धन प्रभारांचा, म्हणजे अणुअंकाचा. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. भांडणच मिटलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १० ऑगस्ट १९१५ रोजी, मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७. तुमच्यातल्या पीएचडी करणाऱ्या कुणाचंही असेल तेवढं.

आता रंगारगल्लीतलं ॲल्युमिनियम. त्याच्या खालचं घर मेंडेलीव्हने रिकामं ठेवलं आणि आत न पाहिलेल्या भाडेकरूची माहिती लिहून टाकली. वजन साधारण ६८, घनता ५.९ च्या आसपास, लवकर वितळणारा धातू. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लेकोक द ब्वाबोद्रान याला तो सापडला, गॅलियम. पण त्याने मोजलेली घनता होती ४.७. मेंडेलीव्हने कळवलं, तुमचा नमुना शुद्ध नसेल, पुन्हा मोजा. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिलाय त्याला, ज्याने पाहिला नाही तो सांगतोय! पुन्हा मोजली तेव्हा घनता भरली ५.९. हे गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. म्हणजे आपल्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, गुलमंडीत गॅलियमची अंगठी घालून निघालात तर सिटी चौकापर्यंत बोटावरून ओघळलेली असेल.

दुसरी गंमत कल्हईची. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून जो पांढरा हात देतात ते कथील. नवसागर टाकला की धूर निघतो, भांडं साफ होतं आणि कथील पसरतं. हे कथील चौदाव्या रकान्यातलं. वर कार्बन, मग सिलिकॉन, मग मेंडेलीव्हच्या वेळी एक रिकामं घर, मग कथील, खाली शिसं. वर सिलिकॉन आणि खाली कथील ठाऊक असेल तर मधला कसा असेल हे काढता येतं, साधारण सरासरीने. त्याने काढलं: वजन ७२, घनता ५.५. पुढे १८८६ मध्ये जर्मनीत फ्रायबर्गला क्लेमेन्स विंकलर चांदीच्या एका नव्या खनिजाचा हिशोब करत होता आणि तो जुळेना. सगळे घटक मोजून बेरीज शंभराऐवजी ९३ वर अडायची. गुलमंडीतल्या जुन्या मुनिमाला विचारा, सात टक्के तूट आली तर झोप लागते का? विंकलरलाही लागली नसणार. ते सात टक्के म्हणजे जर्मेनियम. वजन ७२.३, घनता ५.४७.

‘एका’ कुठून आला?

या रिकाम्या घरांना मेंडेलीव्हने तात्पुरती नावं दिली ती एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. दहावीच्या पुस्तकात ही नावं वाचून आपण पुढे जातो. पण हा ‘एका’ म्हणजे आपला ‘एक’ आहे, संस्कृतातला. ॲल्युमिनियमनंतर एक घर खाली, म्हणून एका-ॲल्युमिनियम. दोन घरं खाली असेल तर ‘द्वि’, तीन घरं खाली असेल तर ‘त्रि’.

रशियन माणसाला संस्कृत का सुचलं? पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञाचा एक तर्क आहे. पाणिनीची ‘अष्टाध्यायी’ युरोपात छापणारे ओटो ब्योटलिंक अनेक वर्षं सेंट पीटर्सबर्गच्याच विज्ञान अकादमीत होते, तेव्हा वर्णांची ती देखणी मांडणी मेंडेलीव्हच्या कानावर गेली असावी. पुरावा पक्का नाही. म्हणून ‘टेबल आपल्याकडून चोरलं’ असा फॉरवर्ड आला तर तो पुढे ढकलू नका. तर्क म्हणून मात्र मजा आहे, कारण आपली वर्णमाला खरोखरच एक टेबल आहे. क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ, मग ट, त, प. आडव्या ओळीत सगळे एकाच जागी उच्चारले जातात. उभ्या रकान्यात वागण्याची रीत एक: दुसऱ्या रकान्यातल्या ख, छ, ठ, थ, फ सगळ्यांत हवेचा झोत आहे. कुणी तुमच्या तक्त्यातला ‘ध’ खोडून टाकला तरी वर ‘ढ’ आहे, खाली ‘भ’ आहे, डावीकडे ‘द’ आहे, एवढ्यावरून तो कसा वाजेल हे तुम्ही सांगू शकाल. मेंडेलीव्हने जर्मेनियमचं केलं ते हेच.

मूलद्रव्यांत ही रीत कुठून येते? अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत त्यावरून. पहिल्या रकान्यात एकच, आणि तो देऊन टाकायची घाई. सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं ते त्यामुळे. सतराव्या रकान्यात सात, एक कमी, म्हणून क्लोरीन-आयोडीन दुसऱ्याचा ओढायला टपलेले. जायकवाडीहून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन जंतू मारतं ते याच हावरेपणावर. एकाला द्यायचाय, दुसऱ्याला घ्यायचाय, दोघं भेटले की मीठ. अठराव्यातले राजवायू पोट भरलेले, कुणाशी फारसं बोलत नाहीत. आणि मधली लांबलचक आळी, तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत, ती लोखंड, तांबं, चांदी, सोनं, जस्त या रोजच्या कामाच्या धातूंची.

एका पाटीची गोष्ट

त्या आळीचा शेवटचा रकाना बारावा, सराफ्याच्या अकराव्याला अगदी खेटून. जस्त, त्याखाली कॅडमियम, त्याखाली पारा. बिदरीची काळी सुरई पाहिली असेल. कला बिदरची, पण आपल्या शहरातही होते. ती या दोन शेजाऱ्यांचंच काम. जस्तात थोडं तांबं, त्यावर चांदीची तार ठोकून बसवलेली. बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासोबत लावली की जस्ताचा भाग काळाभोर होतो, चांदी पांढरीच राहते.

पण मला सांगायचंय ते मधल्या घराबद्दल. ‘केडीएम’ ही अक्षरं तुम्ही सराफी दुकानांच्या पाट्यांवर किंवा आईच्या जुन्या पावत्यांवर नक्की वाचली असतील. ‘केडीएमचं सोनं’ म्हणजे भारीतलं सोनं, असाच समज होता. तो शब्द कॅडमियमवरून आलाय.

दागिन्याचे तुकडे जोडायला, म्हणजे सांधा झाळायला, सोन्याआधी वितळणारं काहीतरी लागतं. पूर्वी सोन्यात बरंच तांबं मिसळून ते करत. त्यामुळे दागिना मोडायला नेला, आटवला की त्या सांध्यांमुळे कस उतरायचा आणि गिऱ्हाईक-सराफ वाद व्हायचे. मग कॅडमियम आलं. सोन्यात थोडंसंच मिसळलं तरी झाळ लवकर वितळते आणि सोन्याचं प्रमाण ९२ टक्क्यांपर्यंत राखता येतं. गिऱ्हाईक खूश. फक्त एक अडचण होती आणि ती टेबलात सरळ लिहिलेली होती. बाराव्या रकान्यातले धातू लवकर उकळतात. पारा ३५७ अंशांना, कॅडमियम ७६७ अंशांना, जस्त ९०७ अंशांना. सोनाराच्या फुंकणीची ज्योत त्याहून तापते. कॅडमियमची वाफ होते, धूर होतो, आणि ज्योतीपासून वीतभर अंतरावर कारागिराचं नाक असतं.

तो धूर फुप्फुसं जाळतो. पण खरा घोटाळा पुढे आहे, आणि तो नात्याचा आहे. जस्त शरीराला लागतं, शेकडो एन्झाइमांचं काम त्यावर चालतं. त्यामुळे जस्ताला धरून ठेवणारी प्रथिनं आपल्या पेशींत तयारच असतात. कॅडमियम रकान्यात जस्ताच्या बरोबर खाली. बाहेरच्या कवचाचा तोंडवळा तोच. प्रथिनं त्याला घरचाच समजून आत घेतात, उलट जास्त घट्ट धरतात. मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. आज थोडं, उद्या थोडं करत साठत जातं आणि एक दिवस मूत्रपिंड थकतं.

याची सगळ्यात भयानक गोष्ट जपानची. तोयामा भागातल्या जिन्झू नदीत कामिओका खाणीचं पाणी यायचं. खाण जस्ताची होती. भाऊ भावाजवळच सापडतो, जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच. मुळात १८१७ मध्ये स्ट्रोमायरला कॅडमियम सापडलं तेच औषधासाठी आणलेल्या जस्ताच्या क्षारात भेसळ म्हणून. ते पाणी भातशेतीत गेलं, भातातून माणसांत. हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडू लागली, विशेषतः वयस्क बायकांची. आजाराला लोकांनी नाव दिलं ‘इताई-इताई’. मराठीत सांगायचं तर ‘आई गं, आई गं’. प्रदूषणाने झालेला आजार म्हणून सरकारने त्याला मान्यता दिली ती १९६८ मध्ये. तोवर कितीतरी जणींचं आयुष्य गेलेलं होतं.

आता हॉलमार्कच्या दागिन्याला कॅडमियमची झाळ चालत नाही, जागा जस्ताने आणि इतर धातूंनी घेतली आहे. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडीही सक्तीचा आहे. अंगावर घातलेला जुना केडीएमचा दागिना तुम्हाला काही करत नाही, घाबरून आईचं मंगळसूत्र मोडायला लावू नका. धोका होता आणि आहे तो ज्योतीसमोर बसणाऱ्याला. ‘केडीएम’ शब्द अजूनही शुद्धतेचा शिक्का म्हणून बोलला जातो, तेवढं मात्र खटकतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी सोनारकाम चालत असेल तर झाळीत काय आहे आणि खोलीतला धूर कुठून बाहेर जातो, एवढं आज विचाराच. आणि हो, तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानात साठवतं. कट्ट्यावर सिगारेट ओढणाऱ्या मित्राला सोनाराचा धूर फुकटात मिळतोय.

असाच दगा दुसऱ्या रकान्यात झाला. पानवाल्याच्या डबीतला चुना म्हणजे कॅल्शियम, आपली हाडं म्हणजे कॅल्शियम. त्याच रकान्याच्या तळाशी रेडियम. (बाइकच्या नंबर प्लेटवर आपण ‘रेडियम’ लावून घेतो त्यात रेडियमचा कणही नसतो, नाव तेवढं चिकटलंय.) अमेरिकेत १९१७ पासून घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे काढायला खरं रेडियम वापरत. काम करायला तुमच्या वयाच्या मुली. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायचा, असं त्यांना शिकवलेलं. शरीराने रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत नेऊन बसवलं. आधी दात पडले, मग जबडे झडले, आणि त्यातल्या अनेकींचा जीव गेला. अणुचाचण्यांच्या धुळीतल्या स्ट्रॉन्शियम-९० ची भीती तीच, तेही ‘स्कूटर’च्या जागी, कॅल्शियमच्या लगेच खाली.

म्हणून नातं ओळखायचं, पण त्यावर आंधळा विश्वासही ठेवायचा नाही. बीपीवाल्यांसाठी मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात सोडियमचा काही हिस्सा काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चव जवळपास तीच, कारण सोडियमखालचं घर पोटॅशियमचं. पण शरीर या दोघांत मुळीच गफलत करत नाही. एकाला पेशीच्या बाहेर, दुसऱ्याला आत ठेवतं आणि त्या फरकावर नसा आणि हृदय चालवतं. ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे त्यांना हे मीठ डॉक्टरांना न विचारता देणं धोक्याचं. आणि शिसं तर दुसऱ्याच रकान्यातलं असून कॅल्शियमचं सोंग घेतं. कल्हईच्या कथलात स्वस्त शिसं मिसळू नये ते त्यासाठी. टेबल बरंच सांगतं, सगळं सांगत नाही.

१८९८, विजयदुर्ग

अठराव्या रकान्यासाठी मात्र गुलमंडी सोडून कोकणात जावं लागेल. देवगड तालुक्यात विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथून लागला असं सांगतात. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिवसही साजरा होतो. उत्साह छान आहे, तारखा मात्र जुळत नाहीत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला. नॉर्मन लॉकियर तेव्हा भारतात नव्हताच. सूर्याच्या वर्णपटातली, सोडियमशी न जुळणारी ती पिवळी रेघ त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाला पुण्याचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते.

मला विचाराल तर खरी तारीख जास्त भारी आहे. १८९८ हे या टेबलाचं विलक्षण वर्ष. जानेवारीत लॉकियर विजयदुर्गावर. मे ते जुलैमध्ये लंडनला रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी हवेतून क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन बाहेर काढले. डिसेंबरात क्युरी दांपत्याने रेडियम जाहीर केलं, तेही बेरियमच्या पाठीला चिकटलेलं सापडलं. सूर्यावर दिसलेलं हेलियम रॅम्झीला पृथ्वीवर १८९५ मध्येच मिळालं होतं, अर्गॉन त्याच्या एक वर्ष आधी. या वायूंसाठी मेंडेलीव्हने एकही रिकामं घर ठेवलेलं नव्हतं. अर्गॉन हे नवं मूलद्रव्य आहे हेच तो काही वर्षं मानेना, तीन अणूंचा नायट्रोजन असेल म्हणाला. ज्याने इतरांना पुन्हा मोजायला लावलं त्याच्यावर ही पाळी आली. शेवटी टेबलाला एक अख्खा रकाना जोडावा लागला, आणि गंमत म्हणजे बाकी काही न हलवता तो बसला.

१९०६ चं नोबेल मेंडेलीव्हला थोडक्यात हुकलं, फ्लोरीन वेगळं काढणाऱ्या मोआसाँला गेलं. पुढच्याच वर्षी मेंडेलीव्ह वारला.

आज टेबलात ११८ नावं आहेत. २०१६ मध्ये निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसन या चौघांना नावं मिळाली आणि सातवी ओळ पूर्ण भरली. आता ११९ वं सापडलं तर नवी, आठवी ओळ सुरू होईल आणि ते बसेल हलीनाच्या रकान्यात, फरियादच्याही खाली. जपानमध्ये रिकेन संस्थेचे शास्त्रज्ञ क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा करत त्याच्या मागावर आहेत. घर अजून रिकामं आहे, पण त्याला तात्पुरतं नाव आहे. एका-फ्रान्सियम.